मेंढरांचे रोग आणि राज्याची जबाबदारी

२०२१ च्या डिसेंबर महिन्याच्या आरंभी पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला व त्यापाठोपाठ बोचरी थंडी पडली. उघड्या रानात बसलेल्या कळपांतील मेंढ्या रात्रभर भिजून शेकड्यांनी मृत्युमुखी पडल्या. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. काही दिवस का होईना, महाराष्ट्राला मेंढपाळ दिसला. परंतु त्याच कुटुंबांच्या कळपांत वर्षभर एक एक, दोन दोन करून जी मेंढरे रोगाने मरतात, त्यांचा पंचनामा कोणी करीत नाही आणि त्यांची बेरीजही कोणी मांडीत नाही. ही बेरीज मांडावी आणि तिचा राजकीय अर्थ काय होतो ते कार्यकर्त्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मेंढ्यांच्या रोगांविषयी पक्षाच्या साप्ताहिकात लेख कशासाठी, तो तर पशुवैद्यकाचा विषय, असे काही वाचकांना वाटेल. मी पशुवैद्यक नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. परंतु ज्या रोगांवर लस उपलब्ध आहे, ती लस देशातच तयार होते, तिची किंमत मेंढीच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे आणि तरीही त्या रोगाने मेंढी मरते, तेव्हा तो प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. तो वितरणाचा, म्हणजेच आपला प्रश्न होतो.

रोगाची पारख

माझे मूळ गाव माणदेशात. सुगी झाली की आमच्या रानात दरवर्षी एक धनगर कुटुंब आपला वाडा घेऊन उतरते. चार-पाच रात्री मेंढ्या शेतात बसतात, लेंडीखत मिळते, आणि त्या बदल्यात आम्ही धान्य व थोडे पैसे देतो. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हा व्यवहार चालू आहे. काही वर्षांपूर्वी मी गावी असताना पहाटे त्या कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. रात्री धडधाकट असलेली तीन कोकरे सकाळी मरून पडली होती. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "मास्तर, जी मेली ती कळपातली सगळ्यांत गुबगुबीत हुती बघा. रोगाला बी पारख हाय."

त्यांचे बोलणे शास्त्रदृष्ट्या अचूक होते. वर्णनावरून तो आंत्रविषार असावा. पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा किंवा कापणीनंतर रानात सांडलेले धान्य एकदम पोटभर मिळाले की मेंढीच्या आतड्यात मुळातच असणारे जंतू भराभर वाढतात व विष सोडतात. जे कोकरू सर्वांत जास्त दूध पिते आणि सर्वांत जास्त खाते, तेच प्रथम बळी पडते. उपचाराला वेळच मिळत नाही. बहुधा मेलेले जनावरच दिसते. म्हणून लोक दृष्ट लागली म्हणतात. परंतु या रोगावर लस आहे. ती पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते, प्रथमच देत असल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि गाभण मेंढीला विण्याआधी दिली तर तिच्या चिकातून कोकरालाही संरक्षण मिळते.

ते गृहस्थ त्याच दिवशी जवळच्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तेथे त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो गाव कोणते हा. गाव दुसऱ्या तालुक्यातले निघाल्यावर, तुमच्या मेंढ्यांची लस तुमच्या दवाखान्याला आली असेल, तिकडे जा, असे सांगण्यात आले. तो दवाखाना तेथून तीन दिवसांच्या चालीवर होता. दवाखान्यातील माणूस दुष्ट नव्हता. तो आपल्या नोंदवहीप्रमाणे वागत होता. दोष वहीचा आहे, आणि ती वही सरकारने आखलेली आहे.

मरणाचे तीन प्रकार

मेंढरांच्या नेहमीच्या रोगांचे अर्थशास्त्राच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग लसीने टळणाऱ्या रोगांचा. त्यात आंत्रविषार आहे, घटसर्प आहे, लाळ-खुरकूत आहे, मेंढ्यांची देवी आहे. माणसांतील देवी १९७० च्या दशकात आपल्या देशातून गेली. मेंढ्यांतील देवीचा विषाणू वेगळा असून तो अद्याप आहे. निळ्या जिभेचा रोग चिलटांमार्फत पसरतो व पावसाळा सरता सरता जोर धरतो. त्याची भारतातील पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातूनच झाली. आणि या सर्वांत घातक म्हणजे पीपीआर, ज्याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया, अशा क्रमाने तो कळपातून फिरतो. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. त्यावरची लस मुक्तेश्वर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत, म्हणजे सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत तयार झाली. तिची एक मात्रा किमान तीन वर्षे पुरते.

दुसरा वर्ग चराईच्या जागेतून येणाऱ्या रोगांचा. पोटातील रक्त पिणारे जंत, यकृतातील चपटे कृमी, कोकरांतील पट्टकृमी, चिखलात सडणारे खूर, गोचीड आणि खरूज हे या वर्गात मोडतात. जंतांचा उपद्रव झालेल्या मेंढीची डोळ्याची आतली पापणी पांढरी पडते आणि जबड्याखाली पाण्याची सूज येते. यकृतकृमींचा प्रसार तळ्याकाठच्या गोगलगायींमार्फत होतो. उन्हाळ्यात अन्यत्र हिरवे काही उरत नाही, तेव्हा कळप आटत्या तलावाच्या काठावर उतरतात आणि तेथेच हा रोग घेतात. कोवळ्या किंवा पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीच्या फुटव्यांनी किराळ लागते, तीही चाऱ्याच्या ओढीमुळेच. गायराने अतिक्रमणांत आणि प्रकल्पांत गेली, वनखात्याने कुंपणे घातली, आणि उरलेल्या थोड्या जागेवर अधिक तोंडे आली की त्या जागेवर जंतांची अंडी साचणारच. मेंढपाळ मग दुकानातून औषध आणतो, ते पुरावे म्हणून थोडे थोडे पाजतो, वर्षानुवर्षे तेच पाजतो. आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. चराईचा हक्क नाकारायचा आणि जंतांवर औषध फुकट वाटायचे, हे धोरण एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने थोडे परत करण्यासारखे आहे.

तिसरा वर्ग नवजात कोकरांच्या मरणाचा. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, नाळेला आयोडीन लागले नाही, थंडी-पावसात आडोसा मिळाला नाही, तर कोकरू हगवणीने किंवा न्यूमोनियाने जाते. ज्या मेंढीला स्वतःलाच पोटभर चारा नाही तिला दूध कोठून येणार? वाड्यावर ही सारी राखण बहुधा बायका करतात. गाभडलेल्या मेंढीची घाणही त्याच उघड्या हातांनी काढतात, आणि ब्रुसेलोसिससारखा मेंढीतून माणसात येणारा रोग प्रथम त्यांनाच गाठतो. काळपुळीने मेलेल्या मेंढीचे कातडे काढणाऱ्यालाही तीच गत. एकाएकी मेलेल्या व नाका-गुदद्वारातून काळसर रक्त आलेल्या जनावराला फाडू नये, खोल पुरावे, एवढी साधी माहितीदेखील अनेक वाड्यांपर्यंत पोचलेली नाही.

शंभर मेंढ्यांचा हिशेब

आता बेरीज मांडू. समजा, एका कुटुंबाकडे १०० माद्या आहेत आणि वर्षाला ८० कोकरे होतात. म्हाताऱ्या व मेलेल्या माद्यांच्या जागी कळपात २० नव्या माद्या ठेवल्या पाहिजेत, नाहीतर भांडवलच खचेल. म्हणजे विक्रीला ६० कोकरे उरतात. आता ८० पैकी २४ कोकरे रोगाने मेली असे धरा. जगली ५६, त्यांतून कळपासाठी २० ठेवली की विक्रीला राहिली ३६. मरण ३० टक्के, पण उत्पन्नातील घट ४० टक्के. चराईसाठी मोजलेले पैसे, औषधे, घोडी, वाटेतला दंड हे खर्च तर तेवढेच राहतात. म्हणून हातात उरणाऱ्या रकमेतील घट याहूनही मोठी असते. मग कुटुंब एक तर कळपासाठी ठेवायच्या माद्याही विकते, किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेते. दोन्ही वाटा पुढच्या वर्षीच्या दारिद्र्याकडे जातात.

पूर्वी लोकर आणि घोंगडी यांचा थोडाफार आधार असे. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला आता भाव उरलेला नाही. कातरणीचा खर्चही निघत नाही. आज मेंढपाळाचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः कोकरू, आणि कोकराचे मरण म्हणजे थेट मजुरी बुडणे.

यावर सरकारची भरपाई कशी आहे पाहा. केंद्राच्या २०१५ च्या आपत्ती-मदत निकषांत एका मेंढीला ३,००० रुपये होते, २०२२ च्या निकषांत ते ४,००० झाले. परंतु एका कुटुंबाला अशा लहान जनावरांपैकी जास्तीत जास्त ३० जनावरांचीच मदत, ही मर्यादा कायम राहिली. सत्तर मेंढ्या गेल्या तर चाळिसांचा शोक फुकट! आणि ही तरतूद नैसर्गिक आपत्तीपुरती आहे. आंत्रविषाराने गेलेले कोकरू तिच्या कक्षेत बसत नाही.

लस आहे, पण वाटेवर नाही

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. राज्यातील मेंढीपालनाचा मोठा भाग माण, खटाव, फलटण, जत, आटपाडी, सांगोला, पारनेर अशा अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे, आणि या पट्ट्यातील बरेचसे कळप स्थिर नाहीत. पावसाळा पठारावर काढायचा, सुगीनंतर बाहेर पडायचे, काहींनी घाट उतरून कोकणात जायचे, आणि मृगाच्या सुमारास परत फिरायचे, असा त्यांचा क्रम आहे.

आंत्रविषार आणि घटसर्प यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी द्यायच्या असतात. पावसाळ्यापूर्वी कळप कोठे असतो? वाटेवर. लस कोठे असते? मूळ गावच्या दवाखान्यात, बर्फात. कळप गावी पोचतो तोवर पहिला पाऊस पडून गवत फुटलेले असते. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला जे दिवस लागतात, तेही हाताशी नसतात. म्हणजे लस आणि मेंढी यांची गाठ पडतच नाही, आणि पडली तर उशिरा पडते. नियोजन गावाच्या सीमेत बसवलेले, उत्पादन सीमेबाहेर चालणारे, अशी ही विसंगती आहे.

यातील विपर्यास असा की, लसीकरण सर्वांत स्वस्तात जेथे होऊ शकते ती जागा म्हणजे हाच फिरता कळप. पीपीआरच्या लसीची कुपी अनेकदा ५० किंवा १०० मात्रांची असते, आणि एकदा पाण्यात मिसळल्यावर ती थोड्याच वेळात संपवावी लागते. दारोदार दोन-दोन शेळ्या बांधलेल्या गावात निम्मी कुपी वाया जाते. वाड्यावर दीडशे मेंढ्या एका वाघरीत उभ्या असतात. तासाभरात काम संपते. तरीही आपली यंत्रणा त्याच कळपाला सर्वांत अवघड समजते, कारण तो तिच्या तक्त्यात बसत नाही.

मेंढपाळच लस टोचू देत नाहीत, असे सांगितले जाते. काही अंशी ते खरे आहे. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, मेंढी मंदावते, आणि रोज चालणाऱ्या वाड्याला ते परवडत नाही. गाभण मेंढ्या पकडताना दांडगाई झाली तर गाभडण्याची भीती असते. ही भीती अज्ञानातून आलेली नाही. कोणत्या दिवशी टोचायचे हे त्याला न विचारता ठरवले जाते, त्यातून ती येते.

दुसरा युक्तिवाद बाजाराचा: मेंढपाळाने पैसे मोजावेत, खासगी सेवा आपोआप उभी राहील. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठातच याचे उत्तर आहे. मी माझ्या मेंढ्या टोचल्या तर शेजारच्या कळपाचाही धोका कमी होतो, पण त्याची किंमत मला कोणी देत नाही. म्हणून प्रत्येक जण समाजाला हवी त्याहून कमी लस विकत घेतो. ज्या वस्तूचा लाभ असा सर्वांत वाटला जातो, ती बाजाराच्या हवाली करणे म्हणजे रोगाला मोकळी वाट करून देणे होय.

बुळकांडी कशी गेली

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी गुरांच्या बुळकांडीचा इतिहास आठवावा. ज्या रोगाने शतकानुशतके आशिया आणि आफ्रिकेतील गोठे ओस पाडले, त्याचा भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसांतील देवीनंतर मनुष्यजातीने निर्मूलन केलेला हा दुसरा रोग. त्या मोहिमेतील शेवटचे अवघड गड म्हणजे इथिओपियाचा अफार प्रदेश, दक्षिण सुदान यांसारखे भटक्या पशुपालकांचे मुलूख. सरकारी पथके तेथे पोचू शकत नव्हती. मग उष्णतेतही काही काळ टिकणारी लस वापरण्यात आली आणि त्या पशुपालकांमधूनच लस टोचणारे तयार करण्यात आले. आपल्याच माणसाने टोचलेली लस लोकांनी स्वीकारली, आणि गड पडला.

त्याच धर्तीवर २०३० पर्यंत पीपीआर जगातून नाहीसा करण्याचा संकल्प २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर सोडण्यात आला, आणि भारत त्यात सहभागी आहे. बुळकांडीचा धडा स्पष्ट आहे: भटका कळप सुटला तर निर्मूलन सुटले.

आपण काय करावे

येथे थोडे आत्मपरीक्षण करणे प्राप्त आहे. आपल्या पक्षासह सर्वच पक्षांनी धनगर समाजाचा प्रश्न म्हणजे आरक्षणाचा प्रश्न, असे समीकरण करून ठेवले आहे. तो प्रश्न आपल्या जागी महत्त्वाचा आहेच. परंतु समाजाच्या नावाने मेळावे भरवणारे आपण, त्याच समाजातील जो माणूस आजही मेंढरांमागे चालतो त्याच्या वाड्यावर किती वेळा गेलो? मतदार यादीत तो मूळ गावी, आणि प्रत्यक्षात भलतीकडे. म्हणून दवाखान्याप्रमाणे आपणही त्याला आपल्या वहीत धरलेले नाही.

मागण्या मोजक्या व नेमक्या असाव्यात. पहिली: मेंढी जेथे उभी असेल तेथे लस. कोणत्याही तालुक्यातील दवाखान्याने कोणत्याही तालुक्यातील कळप टोचलाच पाहिजे. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर नोंद होते, तर त्या बिल्ल्याचा उपयोग मेंढपाळाला परत पाठवण्यासाठी न होता त्याचा हक्क सोबत नेण्यासाठी व्हावा. दुसरी: परतीच्या वाटांवर, घाटमाथ्यावर आणि बाजारगावांत एप्रिल-मे महिन्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचे ठरलेले मुक्काम. तिसरी: नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली धनगर तरुण-तरुणींना लस टोचण्याचे, जंतनाशकाच्या योग्य मात्रेचे आणि नवजात कोकराच्या काळजीचे प्रशिक्षण व मानधन. चौथी: मदतीच्या निकषांतील ३० जनावरांची मर्यादा रद्द व्हावी, आणि साथीच्या रोगाने झालेले नुकसान भरपाईस पात्र ठरावे. पाचवी: २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे; त्याचे दावे दाखल करून घ्यावेत.

मागण्या विधिमंडळात मांडल्या जातील तेव्हा जातील. गावातील कार्यकर्त्याला आजच करण्याजोगे एक काम आहे. या सुगीनंतर आपल्या शिवारात वाडा उतरेल तेव्हा तेथे जावे. किती मेंढ्या, गेल्या वर्षी किती कोकरे झाली, किती मेली, कशाने मेली, शेवटची लस कोठे व केव्हा टोचली, पुढचा मुक्काम कोठे, हे वहीत लिहून घ्यावे. मग ती वही घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जावे आणि वाडा हलण्यापूर्वी पथक शेतावर आणावे. पथक येत नसेल तर का येत नाही ते लेखी मागावे. अशा शंभर वह्या जमल्या तर मेंढरांच्या मरणाची राज्याने न मांडलेली बेरीज आपल्याकडे तयार असेल, आणि तिच्यासह विचारलेला प्रश्न कोणत्याही मंत्र्याला टाळता येणार नाही.

आमच्या रानात उतरणाऱ्या त्या कुटुंबाचा वाडा यंदाही येईल. रोगाला कोकराची पारख आहे. राज्याला ती केव्हा येणार, हा प्रश्न त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारलेला नाही. तो विचारण्याचे काम आपले आहे.